चाकाची चावी

ऑफिसात त्यांना सगळे 'काळजीवाहू' म्हणत. एकदा साहेब लांबलचक रजेवर गेले, तेव्हा काळजीवाहू म्हणून विभागाचा कारभार ह्यांच्याकडे आला. साहेब परतले, खुर्ची परत गेली, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच, कारण माणूस खरोखरच काळजी वाहणारा होता. दाराला कुलूप लावलं की ओढून बघायचं, जिना उतरायला लागायचं आणि अर्ध्यातून पुन्हा वर जाऊन ओढून बघायचं, हा त्यांचा शिरस्ता. (ह्या ओढण्यापायी एक कुलूप हातात आलं, तेव्हा ते म्हणाले, "बघा, कच्चंच होतं.")

तर ह्या काळजीवाहूंची एकुलती एक लेक परगावी नोकरीला निघाली होती. तिथे एका प्रयोगशाळेत तिला सोमवारी हजर व्हायचं होतं. रविवारी सकाळी निघायचं आणि घरातली जुनी गाडी स्वतः चालवत न्यायची, असा तिचा बेत होता. आईचा त्याला पाठिंबा होता. आजीला कुणी विचारलं नव्हतं, तरी तिचाही होता. घरात आपण एकटे पडलोय हे बघून काळजीवाहूंनी मधला मार्ग काढला.

"मी आधी गाडी तपासतो. ठणठणीत असली तर खुशाल ने. एवढीशी जरी खोट निघाली, तर बसने जायचं."

"चालेल, बाबा," लेक म्हणाली. ती इतक्या सहज 'चालेल' म्हणाली, की त्यांना उगाच आपणच काहीतरी कबूल करून बसल्यासारखं वाटलं.

शनिवारी सकाळी ते कामाला लागले. ऑइल बघितलं. (ऑइलची पट्टी पुसायला हाताशी आलेलं फडकं म्हणजे बायकोचा ठेवणीतला टेबलक्लॉथ होता, हे नंतर कळलं.) पाणी बघितलं, दिवे लावून बघितले, हॉर्न इतक्यांदा वाजवून बघितला की समोरच्या घरातल्या बाई दार उघडून "आले, आले" म्हणत बाहेर आल्या. सगळं ठीक होतं. सगळं इतकं ठीक असावं ह्याचं त्यांना थोडं वाईट वाटलं.

मग त्यांना स्टेपनी आठवली.

डिकीच्या तळाशी, फळीखाली, ते जादा चाक गाडी घेतल्यापासून पडून होतं. त्यावर एक मोडकी छत्री, वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणि हरवली म्हणून सहा महिने शोधलेली बायकोची चप्पल अशी वस्ती झालेली होती. ती उठवून त्यांनी चाक बाहेर ओढलं. ओढताना कमरेत काहीतरी बोललं. त्याच्याकडे दुर्लक्ष करून त्यांनी स्टेपनी अंगठ्याने दाबली. ती उशीसारखी आत गेली.

कोपऱ्यावरच्या टायरवाल्याने हवा भरली, चाक पाण्यात फिरवून बुडबुडे येतात का ते बघितलं आणि म्हणाला, "पंक्चर नाही. पडून पडून हवा गेली. महिन्याकाठी बघत जा हो. ह्याला कुणी विचारतच नाही." मग त्याने गाडीला एक फेरी मारली. "पुढचं डावं घासलंय. ते काढून हे बसवू, आणि घासलेलं डिकीत टाकू. लांब जायचंय ना?"

त्याने पाना लावला. तीन नट सुटले. चौथ्यापाशी तो थांबला.

"ह्याची चावी द्या."

काळजीवाहूंनी गाडीची चावी पुढे केली.

"ही नव्हे. ह्या नटाची. चोरी होऊ नये म्हणून लॉकवाला नट बसवलाय तुम्ही. प्रत्येक चाकाला एकेक आहे. साध्या पान्याने नाही निघत."

आणि काळजीवाहूंना सगळं लख्ख आठवलं. मागे आसपास चाकं चोरीला जातात अशी आवई उठली होती. तेव्हा घाईघाईने त्यांनी हे नट बसवून घेतले होते. त्यांची चावी डिकीत ठेवली तर चोराला आयतीच सापडेल, म्हणून ती त्यांनी घरी नेऊन अगदी सुरक्षित जागी ठेवली होती. कुठल्या, तेवढं मात्र आठवेना. म्हणजे इतकी वर्षं ते सहकुटुंब घाटातून, आडरानातून, भर उन्हातून एक जादा चाक घेऊन हिंडत होते, जे गरज पडली असती तरी लावता आलं नसतं. चोराला नाही, आणि त्यांनाही नाही.

"नट फोडता येतो," टायरवाला तीन नट पुन्हा आवळत म्हणाला, "पण वेळ लागेल, आणि शनिवारी आमचं दुकान दुपारी बंद. सोमवारी या."

घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, "चावी सापडत नाही."

"हातात आहे ना तुमच्या," बायको म्हणाली.

"ही गाडीची. मी चाकाची म्हणतोय."

"चाकाला चावी असते?"

"आपल्या चाकाला असते."

"मग इतके दिवस चाकं फिरत कशी होती?"

ह्याचं उत्तर देण्यापेक्षा शोधलेलं बरं, म्हणून त्यांनी कपाट उघडलं. लेकीची अर्धी भरलेली बॅग पलंगावर होती. तिच्या आतबाहेर पसरलेले कपडे ओलांडत ते खोलीभर हिंडले. लेकीने फक्त फोनवर सकाळच्या बसची वेळ बघून ठेवली, आणि ते त्यांनी बघितलं.

त्यांनी चपलांचं कपाट शोधलं. माळा शोधला. घड्याळाच्या मागे हात घालून बघितलं. मग खिडकीशी थांबून, खाली उभ्या असलेल्या गाडीकडे बघताना, त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. जिथे चावी असणं शक्यच नाही, अशाच जागा ते शोधत होते. घड्याळाच्या मागे अंगठ्याएवढं लोखंड राहील कसं? पण चावी सापडली नाही तर गाडी जाणार नाही. गाडी गेली नाही तर लेक बसने जाईल, आणि बसने गेलेली मुलगी कशी, दर शनिवारी बसनेच परत येईल. गाडी हातात आली की मग ती कुठेही जाऊ शकेल. हे सगळं त्यांनी मनात शब्दांत मांडलं नव्हतं. त्यांच्या हातांनी मात्र आपलं आपण ठरवून टाकलं होतं.

त्यांना स्वतःची लाज वाटली. ते स्वयंपाकघरात जाऊन आपल्या आईसमोर स्टुलावर बसले.

"काय रे शोधतोयस मघापासून?" आईने विचारलं.

"एक चावी आहे, आई. चावीसारखी दिसत नाही. जाडजूड, गोल, लोखंडी. तोंडाशी फुलासारखी नक्षी आहे."

आईने चष्मा वर केला. "वाकड्यातिकड्या पाकळ्यांची?"

"हो."

"ती चावी कुठली? तो माझा बिस्किटांचा ठसा."

आई उठली, साच्यांच्या डब्यात हात घालून तिने ती वस्तू काढली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. स्वच्छ, चकचकीत, वेलचीचा वास येणारी. चोर काही साच्यांचा डबा धुंडाळायला येणार नाही, असा विचार करून आपणच ती तिथे टाकली होती, हे त्यांना आता आठवलं. (त्या बिस्किटांवरच्या फुलाचं त्यांनी पाहुण्यांसमोर कितीदा कौतुक केलं होतं. 'आमच्या आईचं डिझाइन' असंही म्हणाले होते.)

"डब्यात सापडला तेव्हा मला वाटलं, तूच आणलास माझ्यासाठी," आई म्हणाली. "द्यायला लाजलास, म्हणून गुपचूप ठेवलास. चांगला उकळून घेतला आणि वापरायला काढला. सुनेलाही सांगितलं मी, लक्ष असतं हो त्याचं."

बायको ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिचे खांदे हलत होते. काळजीवाहूंना आईला खरं सांगवेना, आणि खोटंही बोलवेना. ते म्हणाले, "थोडा वेळ नेतो."

खाली येऊन त्यांनी लेकीला हाक मारली. "आता बघ नीट. वाटेत पंक्चर झालं तर गांगरायचं नाही. मी दाखवतो." हँडब्रेक ओढला, गाडीच्या पुस्तकात दाखवलेल्या जागी जॅक लावला, आणि घाम पुसत गाडी वर उचलली. मग नटाला पाना लावून जोर केला. नट काही सुटेना. अधांतरी चाकच गोल फिरलं. त्यांनी आणखी जोर केला. चाक आणखी फिरलं.

लेक थोडा वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाबा, चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करायचे असतात ना?"

"तेच सांगणार होतो."

"मी करू?"

तिने जॅक उतरवला. पान्याच्या दांड्यावर पाय देऊन एकेक नट सैल केला. चौथ्याला आजीचा ठसा लावून तोही केला. मग गाडी उचलली, चाक काढलं, स्टेपनी गुडघ्याने रेटून जागेवर बसवली, आणि समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळले. गाडी खाली घेतल्यावर पुन्हा एकदा सगळे आवळले. हे ती कधी शिकली ते त्यांनी विचारलं नाही. गाडी चालवायला शिकली तेव्हाच शिकली असणार, आणि तेव्हाही ते 'सावकाश, सावकाश' म्हणत बाजूच्या सीटवर डोळे मिटून बसलेले असणार. आता त्यांच्याकडे काम एकच होतं. तिचे हात काळे झाले होते, म्हणून तिच्या कपाळावर आलेले केस त्यांनी मागे सारले.

रविवारी सकाळी गाडी गेली. त्याआधी चाकाची चावी त्यांनी गाडीच्या पुढच्या कप्प्यात ठेवली, कप्पा बंद केला, आणि उघडून पुन्हा बघितली. दिवसभर त्यांनी पेपर उलटा धरला नाही एवढंच. संध्याकाळी ती पोचल्याचा मेसेज आला: 'पोचले. सगळं छान.'

चार दिवसांनी फोनवर बोलता बोलता ती म्हणाली, "अहो बाबा, सांगायचं राहिलंच. इकडे येताना वाटेत टायर पंक्चर झाला होता."

काळजीवाहू उठून उभे राहिले. "कुठे? मग?"

"मग काय, बदललं चाक."

"एकटीने? नट नीट आवळले होतेस? थोडं अंतर गेल्यावर थांबून परत आवळायचे असतात."

"आवळले."

"आणि आता डिकीतलं चाक पंक्चर आहे, ते आधी..."

"त्याच दिवशी पंक्चर काढून घेतलं, बाबा. हवाही बघितली."

सांगण्यासारखं काही उरलं नाही. "अगं, पण फोन का नाही केलास मला तेव्हा? मी होतो ना घरी."

"म्हणूनच नाही केला," लेक म्हणाली. "केला असता तर तुम्ही मदतीला निघाला असतात. मला अंधार पडायच्या आत पोचायचं होतं."