फटाकडीचा खोकला

"आत्या, आज तुला फटाकडी हा पक्षी दाखवला नाही, तर माझी प्राणिशास्त्राची पदवी याच तळ्यात बुडवीन," गाडीतून उतरता उतरताच भाचीने जाहीर केलं.

"बुडव. भिंतीवर टांगून तरी काय दिवे लावतेय ती?" आत्या म्हणाली.

टोमणा वर्मी लागला. पदवीला वर्ष उलटलं तरी भाचीला नोकरी नव्हती. आज या पाणथळ राखीव क्षेत्रात तिची परीक्षा होती. एक गट नीट फिरवून आणला, की पूर्ण हिवाळा वाटाड्याचं काम पक्कं. फाटकावरच अधीक्षकांनी बजावलं होतं, "नियम एकच. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलवायचा नाही. त्याला वाटतं, घरात कुणी घुसलं. बिचारा थंडीत खाणं सोडून भांडायला धावतो. वाजवताना सापडलात तर त्याच पावली घरी."

एवढं सांगून ते स्वतः देणगीदार पाहुण्यांना घेऊन तळ्याच्या पलीकडे गेले. आत्याच्या गुडघ्यांनी थंडीत संप पुकारला होता, त्यामुळे ती थर्मास घेऊन फाटकाजवळच्या बाकावर बसली. बाकीचा गट भाचीमागे निघाला.

धुकं असं दाट, की पुढच्या माणसाची पाठसुद्धा दुर्मीळ वाटावी. बदकं दिसली, पण सगळी पंखात चोच खुपसून झोपलेली. दातांच्या डॉक्टरांनी तोफेएवढी लेन्स आणली होती. तिच्यातून त्यांनी एका लाकडी खांबाचे भरपूर फोटो काढले.

"यापेक्षा माझ्या खुर्चीतला पेशंट जास्त हलतो," ते म्हणाले.

"आणि तुमची फटाकडी?" त्यांच्या बायकोने विचारलं. "की तिलाही सुट्टी आहे?"

भाचीचा धीर सुटला. बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने ती काठच्या उंच पाणकणसांआड बसली, मोबाइल लोकरीच्या टोपीत गुंडाळला, फटाकडीचा आवाज थोडासा वाजवला आणि झटकन बंद केला.

पलीकडून उत्तर आलं.

गटात वीज खेळली. डॉक्टरांनी तोफ रोखली. भाची पुन्हा नाडी बांधायला बसली. पुन्हा उत्तर आलं, या वेळी जरा जवळून. आणि शेवटी एक घसा खाकरल्यासारखा खोकला.

"पक्षी खोकतात?" डॉक्टरांच्या बायकोने कुजबुजत विचारलं.

"तो इशारा असतो," भाची ठामपणे म्हणाली. "हद्दीच्या भांडणात नर घशातून असा आवाज काढतो."

"आमचे हेही भांडताना असंच करतात."

आता भाचीला राहवेना. ती पाणकणसांत शिरली आणि टोपीत मोबाइल वाजता ठेवून पुढे सरकत राहिली. आवाज संपला, आणि तिची टोपी खोकली.

ती जागच्या जागी थिजली. ही ध्वनिफीत तिने शेवटपर्यंत कधी ऐकलीच नव्हती; शेवटी रेकॉर्ड करणाराच खोकला होता. मग पलीकडचा तो खोकला कुणाचा?

तिने पाणकणसं बाजूला केली. समोर अधीक्षक उकिडवे बसले होते. त्यांच्या हातात लोकरीची टोपी होती आणि टोपीत मोबाइल.

त्यांनी टोपी घाईघाईने पाठीमागे लपवली.

"नाडी सुटली होती," अधीक्षक म्हणाले.

भाचीने त्यांच्या पायांकडे पाहिलं. गमबूट होते.

"माझीही, सर."

"पाहुणे फार कुरकुरत होते हो." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "उद्यापासून कामावर या. आणि तुम्हाला संगणकातलं कळत असेल, तर तेवढा खोकला कापून द्या."

भाची पाण्यावर चालल्यासारखी फाटकाकडे आली.

"आत्या, नोकरी लागली!"

"बरं झालं. अगं, ती तुझी फटाकडी कशी असते? तपकिरी, लाल पायांची, शेपूट सारखी उडवणारी?"

"तुला कसं माहीत?"

"सकाळपासून माझ्या पायाशीच किडे टिपत होती. मघाशी तुमच्याकडून कसले तरी आवाज यायला लागले, तशी तडक तिकडे पळाली. कुणाशी तरी भांडायला निघाल्यासारखी." आत्याने थर्मासचं झाकण लावलं. "म्हणजे तू काही दाखवली नाहीस. पदवी आणली आहेस ना बरोबर? तळं इथून जवळच आहे."