चुनीलालची लूट

“आजून कोनी लुटं नही,” चुनीलाल सकाळपासून तिसऱ्यांदा म्हणाला.

पुढे चालणारी त्याची बायको जसोदाबाई मागे न बघताच बोलली, “लुटतीन. इतली घाई कसानी शे?”

घाई होती. सन पस्तीसचं साल. नवरा-बायको नर्मदा परिक्रमेला निघून महिना झाला होता आणि मैया उजव्या हाताला ठेवून आता सातपुड्याच्या झाडीत शिरले होते. या झाडीत डोंगरातले ‘मामा’ यात्रेकरूला नेसत्या धोतरासकट लुटतात आणि ती मैयाचीच परीक्षा असते, असं तापीकाठच्या त्यांच्या गावात पक्कं ठरलेलं होतं. थोरला भाऊ रतिलाल दहा वर्षांपूर्वी परिक्रमेहून लंगोटीवर परत आला, तेव्हापासून गावच्या पंगतीत पहिलं पान त्याचं. न लुटता परत गेलो तर गाव म्हणणार, मैयाने याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. म्हणून चुनीलालने नवी घोंगडी आणि पितळी लोटा मुद्दाम बरोबर घेतला होता. लुटणाऱ्याला रिकाम्या हाताने जायला लागू नये.

दुपारी टेकडीवरून धनुष्यबाण घेतलेला एक दणकट गडी उतरला. चुनीलालचा जीव भांड्यात पडला. त्याने गाठोडं खाली ठेवलं, गाठसुद्धा स्वतःच सोडून दिली.

“ले भाऊ, समदं ले.”

गड्याने गाठोड्यात डोकावून पाहिलं, मग चुनीलालच्या खपाटीला गेलेल्या पोटाकडे पाहिलं. “भूक लागनी का?”

त्याचं नाव करमसिंग. तो दोघांना आपल्या झोपडीवर घेऊन गेला. त्याच्या बायकोने, धनुबाईने, ज्वारीची भाकरी आणि उडदाची डाळ पोटभर वाढली. निघताना एक भोपळा, ज्वारीची थैली आणि वर एक जिवंत कोंबडी दिली. परिक्रमेत दिलेलं नाकारायचं नाही, हा नेम. तेव्हा गळ्यात तुळशीची माळ आणि काखेत कोंबडी, अशा थाटात चुनीलाल निघाला.

उतारावर बोरीच्या काट्यांनी धोतराच्या चिंध्या केल्या. उरल्यासुरल्या तुकड्याची लंगोटीच झाली. पोचवायला आलेल्या करमसिंगला दया आली.

“पुढे अस्वल ऱ्हास,” असं म्हणून त्याने आपलं धनुष्यही चुनीलालच्या हातात दिलं. तेही नाकारता येईना.

करमसिंग माघारी फिरला. खिंडीत नवरा-बायको दम खायला बसले, तोच मागच्या वळणावरून दोन यात्रेकरू आले. चुनीलाल स्वागताला उठून उभा राहिला. यात्रेकरूंना दिसली ती लंगोटी, धनुष्य, कोंबडी आणि शेजारी रचलेली गाठोडी. दोघांनी मुकाट्याने सामान खाली ठेवलं.

“ल्या मामा,” म्हातारा हात जोडून म्हणाला. “आम्ही दोन दिन पासून तुम्हनी वाट देखी ऱ्हायनूत.”

“मी मामा नही. मी तापीकाठना चुनीलाल शे.”

“आम्ही कोनले नाव सांगावूत नही,” म्हाताऱ्याने धीर दिला.

धाकट्याने अंगातला कोट काढून गाठोड्यावर ठेवला आणि दोघं पळत सुटले. चुनीलाल कोट घेऊन मागे धावला. “थांबा, हाई परत ल्या.” पण दुसऱ्या हातात धनुष्य तसंच होतं. त्यांनी पळता पळता छत्री टाकली, वहाणा टाकल्या, आणि वळणाआडून ‘नर्मदे हर’चा असा खणखणीत गजर आला की झाडावरची पाखरं उडाली. चुनीलालला त्यांचा मनस्वी हेवा वाटला.

तो परत येऊन दगडावर बसला. डोळ्यांत पाणी आलं होतं.

“त्या दोन्हीसले पहिलं पान भेटी,” तो म्हणाला. “आन मी घर जाईसन काय सांगू?”

जसोदाबाई छत्री उघडमीट करून बघत होती. चांगली होती.

“सांगा, झाडीमा लूट व्हयनी. कोनी करी, हाई कोन इचारस?”