हातभर खुराड्याची हकिकत

श्रीचरणी मस्तक ठेवून, आणि ज्यांच्या हातचे खाऊन वाढलो त्या गेलेल्या माणसांस स्मरून, शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, वैशाख मासी या राज्यात कोंबड्यांची जुनी खुराडी पुन्हा कैसी उभी राहिली, ते वर्तमान जैसे जाहले तैसे लिहिले आहे.

त्या राज्यात सिदोजी म्हणोन एक रयत राहात होते. देहाने बुटके, कामास चोख. आणि त्यांची स्त्री ठकूबाई त्यांच्याहून वीतभर उंच. लग्नात अंतरपाटावरून नवरी दिसली, नवरा दिसलाच नाही, ऐसे लोक चाळीस वर्षे बोलत आणि हसत, आणि सर्वांत मोठ्याने ठकूबाईच हसत. त्यांनी माहेराहून येताना डालग्यात घालून दोन पिल्ले आणिली होती, काळ्या पायांची आणि तांबड्या पिसांची, आणि त्या दोहोंपासून जो वंश चालला तो चाळीस वर्षे खंडला नाही. परसात त्यांनी आपल्या हाताने खुराडे बांधिले होते, चार खांबांवर, बांबूच्या कुडाचे, वर गवताचे छप्पर. मग तीन वर्षांमागे राज्यात नवे कारभारी अनंतराव आले, आणि त्यांनी हुकूम काढिला की, रयतेने कोंबड्या गबाळ्या कुडात ठेवू नयेत, घरोघरी पत्र्याचे आणि जाळीचे खुराडे दरबारातून द्यावे, आणि ज्याने नवे घेतले त्याने जुने मोडून दाखवावे. सिदोजींस नव्याचा हर्ष फार. त्यांनी जुने खुराडे एका सकाळी मोडिले आणि त्याचे बांबू न्हाणीच्या चुलीत घातले. ठकूबाई पत्र्यावर हात ठेवून म्हणाल्या, "अहो, ही पेटी कोंबड्या ठेवायला आणलीत की भाजायला?" सिदोजी म्हणाले, "एवढं मोठं राज्य चालवतात ते काय येडे आहेत?" त्या उन्हाळ्यापासून बाई रोज दोन प्रहरी पत्र्यावर भिजली गोणपाटे टाकीत, आणि सिदोजी पाहात आणि समजत की, बाई गोणपाटे धुऊन वाळत घालिते. शेजारीपाजारी कोंबड्या मरत आणि लोक म्हणत, मर लागली. या एका घरी मर लागत नसे, आणि का लागत नाही हे कोणी विचारिले नाही.

मग पौषात ठकूबाई तापाने आठ दिवस निजल्या आणि नवव्या दिवशी गेल्या. पुढे वैशाख आला. शुद्ध चतुर्थीस ऊन ऐसे तापले की पायाखालची माती पोळू लागली. सिदोजी शेतावरून दोन प्रहरी घरी आले, आणि परसात आवाज नाही. पाहतात तो पत्र्याच्या खुराड्यात दहा कोंबड्या आणि कोंबडा, चोची उघड्या, पंख पसरलेले, सर्व मेलेले. आणि पत्र्यास हात लाविला तो हात भाजला. तेव्हा त्यांस गोणपाटे आठवली. ते तिथेच खाली बसले. मग सरपणाच्या ढिगामागून कुकू ऐसा बारीक आवाज आला. एक तांबडी कोंबडी आदल्या दिवसापासून तिथे चोरून अंड्यांवर बसली होती. खाली दहा अंडी. चाळीस वर्षांच्या वंशातले एवढेच राहिले होते. सिदोजींनी तिला अंड्यांसह टोपलीत घालून घरात घेतले, तो संध्याकाळच्या आत मुंगूस येऊन एक अंडे घेऊन गेले. नऊ राहिली. तेव्हा सिदोजी उठले आणि शेजारी गजराबाई म्हणोन ऐंशी वर्षांची म्हातारी होती, जिला सारे आत्या म्हणत, तिच्या दारी गेले आणि म्हणाले, "आत्या, जुनं खुराडं कसं बांधतात ते सांग." आत्या म्हणाली, "मोडताना आलतास का इचारायला?" सिदोजी खाली मान घालून उभे राहिले. मग ती म्हणाली, "जा, कोयता घे. बांबू तोडून आण. ओला नको, पोकळ नको. आन रडत तोडू नको, हात कापून घेशील."

मग तीन दिवस खुराड्याचे काम चालिले, आणि सिदोजींनी जे पाहिले त्याने त्यांची मती थक्क जाहली. जी वस्तू त्यांनी सदतीस वर्षे रोज पाहिली होती, ती त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. आत्या दगडावर बसून सांगे आणि सिदोजी करीत. खांबांवर बूड फोडलेली मडकी उपडी ओविली, ते का, तर साप आणि उंदीर खांबावर चढला की मडक्याच्या पोटात डोके आपटून परत फिरावा. तळ बांबूच्या कामट्यांचा, दोन कामट्यांत बोटभर फट, ते का, तर घाण खाली पडावी आणि वारा वर यावा. जमिनीवर राख पसरिली, ते का, तर पिसवा मराव्या, आणि कोण जनावर आले होते त्याचे पाऊल सकाळी दिसावे. कुड शेणमातीने लिंपिला, पण वरची वीतभर जागा मोकळी ठेविली. तेव्हा सिदोजी म्हणाले, "आत्या, हे अर्धंच राहिलं. ठकूचंही असंच अर्धं राहायचं. मी दर साली म्हणायचो, शेण संपलं का कंटाळा आला?" आत्या म्हणाली, "मग ती काय म्हणायची?" "हसायची." "हसंल न्हाई तर काय करंल? बस खाली." आणि तिने ओला कडुलिंब पेटवून खुराड्याखाली धूर केला. धूर कामट्यांच्या फटींतून आत शिरला, आत गोल फिरला, आणि वरच्या मोकळ्या वितीतून दोहों अंगांनी बाहेर निघून गेला. बाहेर पान हलत नव्हते, आणि आत वारा वाहात होता! सिदोजींनी दारातून हात घातिला तो हातास गार लागले. त्यांनी हात तैसाच आत ठेविला, बराच वेळ काढिला नाही. आत्या दुसरीकडे पाहात बसली.

ही वार्ता राज्यात फाकली. लोक दो दो कोसांवरून आले, धूर करून पाहिला आणि तोंडात बोटे घातली. खुद्द कारभारी अनंतराव उष्णता मोजावयाची काचनळी घेऊन आले, ती आधी पत्र्याच्या खुराड्यात ठेविली, मग या खुराड्यात ठेविली, मग पुन्हा पत्र्याच्या खुराड्यात ठेविली, आणि नळी बिघडली म्हणोन दुसरी मागविली. दुसरीनेही तेच सांगितले. मग त्यांनी पगडी काढून घाम पुसला आणि म्हणाले, "सिदोजी, हे कोणत्या विद्वानाने योजिले?" सिदोजी म्हणाले, "घरच्या मंडळींनी." कारभारी म्हणाले, "सर्व राज्यात ऐसेच व्हावे," आणि मोजपट्टी लावून लांबी, रुंदी, उंची लिहून घेतली, आणि एकाच मापाची खुराडी घरोघरी बांधावी ऐसा हुकूम लिहावयास घेतिला. आत्याने विचारिले, "सिदू, खोलीला हात कोणाचा धरलास?" पण गर्दीत ते कोणी ऐकिले नाही, आणि सिदोजींनी ऐकूनही उत्तर दिले नाही.

कारण ऐसे की, खुराड्याची खोली ही ज्या माणसाने रोज आत हात घालावयाचा, त्याच्या खांद्यापासून बोटाच्या टोकापर्यंत धरितात. चारी कोपरे हाती आले पाहिजेत, ही जुनी रीत. सिदोजींस आत्याने पहिल्याच दिवशी हे सांगितले होते. परंतु खांब रोवावयास गेले तेव्हा परसात ठकूबाईंच्या खुराड्याचे चार खळगे तैसेच होते, काठ पक्के, जसे त्या बाईंनी पहारीने खणिले तसे. सिदोजींनी त्याच खळग्यांत खांब रोविले. त्यांस वाटले, एवढे तरी तिचे राहावे.

कोंबडी अंड्यांवर बसली त्याच्या अकराव्या दिवशी वाऱ्याने खांबांच्या बुडाची राख उडाली, आणि तांबड्या मुंग्या चढल्या. कोंबडी मागच्या कोपऱ्यात बसली होती. एक अंडे फुटले आणि मुंग्या त्यावर जमल्या. सिदोजी धावत आले आणि खांद्यापर्यंत हात घातिला, गाल कुडास घासला, तो कोपरा चार बोटे दूर राहिला. त्यांनी काठीने ढोसले, कोंबडी भ्याली, उडाली, आणि दुसरे अंडे तिच्याच पायाखाली फुटले. "आत्या! आत्या गं!" ऐसी त्यांनी हाक मारिली. आत्या आली, तिने छप्पर उचलावयास लाविले, कोंबडी डालग्याखाली झाकिली, आणि सात अंडी पुसून आपल्या लुगड्याच्या ओच्यात घेतली. मग म्हणाली, "आता बोल. कोणाचा हात धरलास?"

"तिचा," सिदोजी म्हणाले.

"तिचा हात आता यायचा हाय का आत?"

सिदोजी खळग्याकडे पाहात राहिले. आत्या म्हणाली, "अरं, ती उंच, तू टेंगणा. साऱ्या गावाला ठावं, तुला न्हाई का? मागचे दोन खांब चार बोटं आत घे. अंडी गार व्हायच्या आत. माझ्या पोटाची ऊब म्हातारी हाय, लई टिकायची न्हाई."

सिदोजींनी पहार घेतली. पहिला घाव घातिला आणि थांबले, कारण नवा खळगा जुन्या खळग्याच्या काठातच पडत होता आणि काठ मोडत होता. "थांबलास का?" "आत्या, हा काठ..." "काठ मातीचा हाय, सिदू. ती अंडी तिची हायेत." मग सिदोजींनी मागे पाहिले नाही. काठ मोडिला, चार बोटे आत खणिले, खांब रोविला, मग दुसरा रोविला, आणि उरलेल्या जुन्या खळग्यांत माती लोटून पायाने दाबिली. कुड आत ओढून बांधिला, राख टाकिली, छप्पर ठेविले. मग आत हात घातिला. बोटे कोपऱ्यास टेकली. आत्याने ओच्यातून एक एक अंडे दिले आणि सिदोजींनी एक एक आत ठेविले, आणि कोंबडी आपण होऊन आत गेली आणि बसली.

दुसरे दिवशी सिदोजी कारभाऱ्यांकडे गेले आणि म्हणाले, "हुकूम फाडा. माप चुकीचं आहे." कारभारी म्हणाले, "मग बरोबर माप सांगा, लिहून घेतो." सिदोजी म्हणाले, "तुमच्याकडे कोंबड्यांना दाणे कोण घालतं?" "आमच्या आई घालतात." "मग त्यांच्या हाताला दोरी लावा. माझ्या खुराड्याला लावून काय उपयोग?" तेव्हा कारभाऱ्यांनी कागद फाडिला, आणि पत्र्याची खुराडी मोडावी की ठेवावी हे रयतेवर सोडिले.

वैशाख वद्य दशमीस सकाळी सिदोजींनी खुराड्यात हात घातिला. कोंबडीने चोच मारिली, तरी त्यांनी हात काढिला नाही, तिच्या पोटाखाली सरकविला. तिथे ओले, ऊबदार, काही हलत होते. मग कवच बोटाखाली तडकले. सिदोजी श्वास रोखून उभे राहिले, गाल कुडास लावून, आणि एकामागून एक सहा पिल्ले त्यांच्या तळव्यास लागली, काळ्या पायांची. सातवे अंडे तैसेच राहिले.

एवंच, त्या साली राज्यात दोनशे अकरा खुराडी जुन्या रीतीने उभी राहिली, आणि त्यांतील कोणतीही दोन एका मापाची नव्हती. पैकी सर्वांत आखूड ते सिदोजींचे. त्यात ठकूबाईंचा वंश नांदत आहे, आणि सिदोजी रोज दोन वेळा आपला हात त्यात घालितात. इतके वर्तमान.