महादेवकाकांचा नकार

आम्ही देवळीत राहायला आलो त्या दिवशी टेम्पोतून सामान उतरत होतं. शेजारच्या घरातून एक उंच, वाळका म्हातारा आला. त्याने आमच्या तांदळाच्या पोत्याचं तोंड सोडलं आणि कोपरापर्यंत हात आत घातला. माझी बायको "अहो, अहो!" करत राहिली. त्याने आतून मूठभर तांदूळ काढला, हुंगला आणि माझ्या नाकापुढे धरला.

"वर जुना, खाली नवा. फसवलं तुमाले दुकानदारानं."

मग पोतं नीट बांधून तो निघून गेला. "या माणसापासून जपून राहायचं," मी बायकोला म्हणालो. माणसांबद्दलची माझी मतं पहिल्या पाच मिनिटांत तयार असतात.

हे महादेवकाका. ते कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर, म्हणजे कापसाची प्रत ठरवणारे, होते. बैलबंडीत वर पांढराशुभ्र कापूस आणि खाली ओला, पिवळा पडलेला, हा प्रकार त्यांनी जन्मभर पाहिला. शेवटी वरचं काही बघायचंच त्यांनी सोडून दिलं. "पोटात पाहा, मास्तर, पोटात," हे त्यांचं पालुपद. भाजीवालीच्या टोपलीतलं ते सगळ्यात खालचं वांगं उचलत. वर्तमानपत्र मधल्या पानापासून वाचत, कारण "पहिलं पान सजवून ठेवलं राह्यते." गावात नवा डॉक्टर आला तेव्हा काही दुखत नसताना ते दोन दिवस त्याच्या बाकावर जाऊन बसले. मी विचारलं तर म्हणाले, "कंपाउंडरशी कसा बोलते ते पाहून राह्यलो." तिसऱ्या दिवशी त्यांनी मला निकाल सांगितला, "जा बिनधास्त."

आणि एकदा दिलेली ग्रेड ते बदलत नसत. नोकरीत असताना शेतकऱ्यांनी शिव्या दिल्या, एकाने तर बैल हाकायची तुतारी उगारली. काकांचं उत्तर ठरलेलं, "हात घातला का घातला. आता देव आला तरी तेच."

त्यामुळे मुलगा पाहायला जाताना अर्धं गाव त्यांना सोबत नेई. अल्लीपूरला एका घरी आम्ही पोहे खात असताना काका हात धुवायला म्हणून मागच्या अंगणात गेले ते अर्ध्या तासाने आले. गाडीत बसल्यावर म्हणाले, "पोहे चांगले होते. भांडेवाली तीन वर्षांपासून येते, पण तिचं नाव घरात कोणालेच माहीत नाई." ते लग्न तिथेच मोडलं.

काकू कधीच गेल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. माझी अश्विनी सहावीपासून त्यांच्याच ओट्यावर वाढली. पुढे नागपूरला नोकरीला लागली तरी शनिवारी आली की आधी त्यांच्याकडे, मग आमच्याकडे.

तीन वर्षांपूर्वी तिने मला विशालबद्दल सांगितलं. समुद्रपूरला जनावरांचा डॉक्टर. चांगला शिकलेला, चांगल्या घरचा. मुलगा बौद्ध होता आणि आम्ही कुणबी. मी शाळेत दरवर्षी समतेवर भाषण देतो. मुलं टाळ्या वाजवतात.

"बाबा, काकांना पाठवा," ती म्हणाली. "ते म्हणतील ते मला मान्य."

मला सुटल्यासारखं वाटलं. काका काहीतरी खोट काढतीलच, अशी माझी खात्री होती.

काका शेजाऱ्याची बकरी घेऊन एसटीने समुद्रपूरला गेले. कंडक्टरशी त्यांचं बकरीवरून देवळीपासून वर्ध्यापर्यंत भांडण चाललं. नंतर बकरीशिवाय आणखी दोनदा जाऊन दवाखान्याच्या आवारात बसले. परत आले ते थेट माझ्याकडे.

"बकरीले काईच झालं नव्हतं, मास्तर. त्यानं पूर्ण तपासली. म्हणे, आजोबा, बकरी ठणठणीत आहे, तुमीच थकले दिसता, बसा सावलीत. तीनदा हात घातला मी. वर आहे तेच पोटात आहे. असा पोट्टा भेटत नाई."

मी मान हलवली. शनिवारी अश्विनी आली तेव्हा तिला दारातच गाठून म्हणालो, "काका नाही म्हणाले. भरवशाचा नाही म्हणाले."

ती तशीच शेजारी गेली. मी कुंपणापर्यंत मागे गेलो.

"काका, तुम्ही नाही म्हणालात?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. त्या वेळी मी तोंड उघडलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

"हो वं माय," काका म्हणाले. "नाई म्हटलं मी."

"काय दिसलं तुम्हाला त्याच्यात?"

"ते नको विचारू."

विशालला एक खोटं दूषणही त्यांनी दिलं नाही. अश्विनी शब्दाला जागली, तिने त्याला नकार कळवला. काकांच्या ओट्यावर मात्र ती पुन्हा चढली नाही. ती यायच्या वेळी काका झाडांना पाणी घालत बाहेर असत आणि ती फाटकाशी दिसली की आत जात. तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. ती परत गेली की कुंपणावरून मला विचारत, "जेवली का पोट्टी?" त्यांनी मला याखेरीज दुसरं काही कधीच विचारलं नाही. काकांनी मुलगा पाहायला जाणंही बंद केलं. कोणी बोलवायला आलं तर सांगत, "हात गेला आता माह्या."

गेल्या महिन्यात विशालचं लग्न झालं. अश्विनीने मला मोबाइलवर फोटो दाखवला आणि म्हणाली, "बरंच झालं असेल, बाबा. काका उगाच नाही म्हणणार नाहीत."

तीन वर्षं अबोला धरूनही तिचा त्यांच्या शब्दावर भरवसा होता. मला ते सहन झालं नाही. मी सगळं सांगितलं. माझं बोलणं संपल्यावर तिने बॅग उचलली आणि शेजारी जाऊन काकांची कडी वाजवली.

काका दारात आले. ती त्यांच्या पायाशी बसली आणि रडू लागली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण बघत होते माझ्याकडे. इतक्या वर्षांत ते माझ्यावर पहिल्यांदाच रागावलेले दिसले.

"काऊन सांगतलं, मास्तर? आता सुट्टीत या पोरीनं यावं कोणाच्या घरी?"

काकांनी तिची बॅग उचलली आणि आमच्या फाटकाकडे चालू लागले. अर्ध्या वाटेत वळून त्यांनी तिला हाक मारली. ती ओट्यावरून उठली नाही. काका बॅग घेऊन तिथेच, दोन घरांच्या मध्ये, उभे राहिले.