थेंब सुरक्षा पत्रक

आमच्या रुग्णालयात कानाचे औषध एका बाईंच्या डोळ्यात गेले. डोळा दोन दिवस लाल राहिला, चुरचुरला आणि बरा झाला. प्रकरण तिथेच मिटले असते. पण चूक झाली की समिती नेमायची ही आमची पद्धत आहे, आणि समितीचा सचिव मी आहे.

चौकशीत निष्पन्न झाले की डोळ्याचे, कानाचे आणि नाकाचे थेंब एकाच ट्रेमध्ये, एकसारख्या बाटल्यांत ठेवले जात. वॉर्डच्या थोरल्या सिस्टर म्हणाल्या, तीन वेगळे ट्रे करा, बाटलीवर ठळक चिठ्ठी लावा आणि थेंब घालण्याआधी ती वाचा, झालं. बावीस वर्षे नुसते थेंब घालत आलेल्या बाई, त्यांना याहून मोठे काय सुचणार? एवढ्यानेच भागले असते तर आम्ही सहा बैठका कशासाठी घेतल्या? त्यांच्या सूचनेची नोंद घेण्यात आली, म्हणजे ती बासनात गेली.

त्याऐवजी मी पत्रक तयार केले. रकाने एक्केचाळीस. प्रत्येक थेंबाआधी रुग्णाने नाव सांगावे, अवयव बोटाने दाखवावा, दुसऱ्या वॉर्डातल्या सिस्टरने येऊन साक्षीदार म्हणून सही करावी. सदतिसावा रकाना तर खास माझ्या डोक्यातून निघालेला: रुग्णाने बाटलीवरील नाव स्वतः वाचून खात्री द्यावी. नाकाच्या रुग्णांनी आणखी काय करावे यावर एकमत होईना, तेव्हा उपसमिती नेमली. एक जरी रकाना रिकामा राहिला तरी तो थेंब असुरक्षित, आणि असुरक्षित थेंब घालायचा नाही.

पुढच्याच आठवड्यात एक शिंपीकाका दाखल झाले. शिवताना मशीनची सुई मोडून तुकडा उजव्या डोळ्यात उडाला होता आणि बुबुळावरची जखम चिघळली होती. डाव्या डोळ्याने त्यांना लहानपणापासून अंधुकच दिसे, तेव्हा सगळी भिस्त याच डोळ्यावर. डॉक्टरांनी बजावले की दर तासाला थेंब पडलाच पाहिजे, नाहीतर डोळा जाईल.

थोरल्या सिस्टरनी छत्तीस रकाने भरले आणि बाटली काकांसमोर धरली. काकांना पांढरा ठिपका दिसला. त्यांनी तो प्रामाणिकपणे ठिपका म्हणूनच सांगितला. सदतिसावा रकाना रिकामा राहिला.

"अहो, मी वाचते ना त्यांच्यासाठी," शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नी, काकू, म्हणाल्या.

"काकू, थेंब तुमच्या डोळ्यात घालायचा असता तर तुमचं वाचणं चाललं असतं," मी समजावले.

"त्यांना दिसत नाही म्हणून तर इथे आणलंय."

"बरोबर. दिसायला लागलं की वाचतील."

"आणि दिसायला लागणार कशाने?"

"थेंबांनी," मी म्हणालो. उत्तर अगदी बरोबर होते.

मी वळलो आणि सिस्टरनी हात धुतले, काकांची खालची पापणी हलकेच ओढली आणि बाटलीचे टोक कुठेही टेकू न देता एक थेंब आत सोडला. अर्धे मिनिटही लागले नाही. दारातून ते पाहून माझ्या अंगावर काटा आला. त्यांना कारणे दाखवा नोटीस दिली, त्यांची बदली चादरी धुण्याच्या विभागात केली आणि बाटल्या माझ्या कपाटात कुलपात ठेवल्या.

काकूंनी तीन दिवस जिने झिजवले. डॉक्टर म्हणाले, मी दर तासाला लिहून दिलंय, घालणं माझ्या खात्यात येत नाही. नव्या सिस्टर दर तासाला इमानेइतबारे पत्रक आणि माझ्याकडून मागून घेतलेली बाटली घेऊन येत, काका दर तासाला ठिपका सांगत. चौथ्या दिवशी बुबुळ पूर्ण पांढरे झाले.

काकांनी अंदाजाने माझा हात धरला. "साहेब, मला दुसरं काही येत नाही हो. कापायचं कसं, शिवायचं कसं?" मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू. पण तक्रारीचा फॉर्म वेगळा असतो आणि तोही रुग्णाने स्वतःच वाचून भरायचा असतो.

त्या वर्षी आमच्याकडे चुकीचा एकही थेंब पडला नाही. तपासणी पथकाने एक्केचाळीस रकान्यांचे कौतुक केले आणि सुरक्षित रुग्णालय म्हणून प्रमाणपत्र दिले. ते आम्ही दारातच, येणाऱ्याला पहिले दिसेल असे लावले आहे.

परवा आईला घेऊन तुम्ही आलात तेव्हा त्याच्यापुढे थांबला होतात. इथे सगळं पद्धतशीर दिसतंय, असे म्हणालात आणि मी पुढे केलेल्या सात कागदांवर न वाचता सात सह्या ठोकल्यात. आई कळवळून विचारत होत्या, अरे, थेंब कधी घालणार? मला तोंड उघडावेच लागले नाही. तुम्हीच त्यांना दटावलेत, "आई, जरा गप्प बस ना. त्यांना त्यांचं काम कळतं."