पन्हळीला लटकलेला हिरो

आमच्या चौल गावात मूकपट काढावा तर मीच! संवाद पाठ करायला नकोत, आवाजाची भानगड नको. नुसतं धावायचं, पडायचं आणि लोकांना हसवायचं! वाचनालयाच्या वार्षिक कार्यक्रमासाठी दिग्दर्शक मी, हिरो मी आणि हिरॉईन गौरी! माझ्याबरोबर शाळेत शिकवते. शूटिंग संपलं की तिला लग्नाचं विचारायचं, हे मी मनात पक्कं केलं होतं.

नकार मिळालेल्या, जळक्या प्रियकराच्या कामाला देवदत्तला घेतलं. पलीकडच्या वाडीतला बागायतदार. गेल्या वर्षी गौरीला पाहायला आला होता आणि तिने चक्क नाही म्हटलं होतं. अशा माणसाला अभिनय काय शिकवायचा!

जागा गौरीच्या कुमुदमावशींची वाडी. मोबाईल मावशींच्याच हातात.

"वरद, सुरू केलं हं!"

मी ऐटीत गौरीला सोनचाफा दिला. आता देवदत्तने मागून मला उशी मारायची होती. त्याने हाणली झावळी! अख्खी!

"अरे, उशी ठरली होती ना!"

"मूकपट आहे," तो दातओठ खात म्हणाला. "बोलायचं नाही!"

आणि धावलाच अंगावर! मी पळालो. पोफळींमधून, पाटातून, चिखलात घसरत, मांजर मागे लागलेल्या उंदरासारखा शिडीवरून थेट गोठ्याच्या कौलांवर! वर पोचतो तोच खालून देवदत्तने शिडी ओढली. पायाखालचं कौल निसटलं, त्यामागोमाग मी! पन्हळ हाताला लागली म्हणून वाचलो. पँट मात्र खिळ्याला अडकून टर्रकन फाटली!

शिडी खांद्यावर घेऊन देवदत्त विजयी वीरासारखा वळला. शिडीचं दुसरं टोक खांबावर आपटलं आणि स्वारी कमरेपर्यंत शेणखड्ड्यात!

गौरी हसता हसता खालीच बसली.

"अहो, गेल्या वर्षी पोहे खाताना तुम्ही एक शब्द बोलला नव्हतात! मला वाटलं, माणूस आहे की वरवंटा!"

"घाबरलो होतो हो," देवदत्त म्हणाला.

"आणि आता?"

"आता शेणात उभा आहे. आणखी काय बिघडायचंय?"

ती पुन्हा खदाखदा हसली. हात देऊन तिने त्याला बाहेर काढलं. बाहेर आला तरी हात सोडेना! ना तो, ना ती!

"गौरी, शिडी!" मी वरून ओरडलो. "पन्हळ वाकतेय!"

"गप रे!" मावशी मोबाईल माझ्यावर रोखत म्हणाल्या. "चेहरा काय सुंदर झालाय! असाच ठेव!"

कार्यक्रमाला सभागृह गच्च! लोक हसून हसून लोळले. पहिल्या रांगेत गौरी आणि देवदत्त. साखरपुडा आदल्याच आठवड्यात झालेला. शेवटी अध्यक्षांनी मला स्टेजवर बोलावलं, खांद्यावर शाल घातली आणि माईकवरून सांगितलं, "बाकीच्यांची कामं ठीक. पण नकार मिळालेल्या प्रियकराचं काम वरदने जे केलंय... काय तो जळफळाट! वा!"

टाळ्या थांबेनात.

मी नमस्कार केला आणि शाल घेऊन खाली उतरलो. उगाच खुलासे कशाला करा!