सरांचा हर्निया

डॉक्टर निहारिकांनी कागदावर पोटाचं चित्र काढायला घेतलं, तेव्हा श्रीधर सर खिडकीबाहेर बघायला लागले. सर तेहतीस वर्षं सरकारी शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. त्या तेहतीस वर्षांत जननसंस्थेचा धडा त्यांनी दरवर्षी "ये आप लोग घर से पढ़कर आना" एवढं म्हणून पार पाडला होता. आता तोच धडा समोर टेबलावर उलगडत होता आणि वर्गातून बाहेर जायची सोय नव्हती.

"डाव्या अंडाशयावर लिंबाएवढी गाठ आहे," डॉक्टर रजनीताईंना म्हणाल्या. "तुमचं वय सत्तावन्न, पाळी जाऊन सहा वर्षं झाली. दोन्ही अंडाशयं काढून टाकू. दुर्बिणीतून करू, तीन बारीक छेद. पोटात गॅस भरतात, त्याने नंतर एक-दोन दिवस खांदा दुखतो, घाबरायचं नाही. त्याच संध्याकाळी चालायला लागायचं. ताप आला, टाक्यांतून पाणी आलं, पायाला सूज आली तर लगेच फोन. आणि सहा आठवडे जड काही उचलायचं नाही. भरलेली बादली नाही, कणकेचा डबा नाही, गादी नाही. घरच्यांनी करायचं."

गाठीचं, भुलीचं, टाक्यांचं सगळं रजनीताईंनी मुकाट्याने ऐकून घेतलं होतं. सहा आठवडे म्हटल्यावर मात्र त्या खुर्चीत पुढे सरकल्या.

"हे लिहून द्याल का? शिक्का मारून?"

लग्नाला चौतीस वर्षं झाली होती. रजनीताईंनी आराम करावा, असं सरांच्या देखत आजवर कोणी म्हटलं नव्हतं. डॉक्टरांनी शिक्का मारून दिलेला तो कागद त्यांनी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला. गाठ जाणार याचा आनंद होताच, पण खरं सांगायचं तर सहा आठवड्यांचा जास्त होता.

नानाखेड्याला, त्यांच्या कॉलनीत, घराच्या अलीकडे माणिकचं किराणा दुकान. साबण संपला होता, म्हणून सरांनी तिथे स्कूटर थांबवली. सगळं तिथेच बिनसलं.

"मास्साब, अस्पताल से आ रहे हो? सब ठीक?" माणिकने विचारलं.

"हाँ, वो एक छोटा-सा ऑपरेशन है. पेट का."

"किसका?"

"इनका."

"पेट में क्या हो गया?"

दुकानात चार गिऱ्हाईकं होती. त्यांतले दोघे सरांचे जुने विद्यार्थी, तेही कान टवकारून उभे. सरांच्या कपाळावर घाम आला. "हर्निया," ते म्हणाले.

"भाभीजी को हर्निया? औरतों को तो कम होता है. रुको, मेरा साला उसी अस्पताल में है, अभी पूछ लेता हूँ." माणिकने फोन उचललासुद्धा.

"इनको नहीं," सर घाईघाईने म्हणाले. "मेरे को."

माणिकने फोन खाली ठेवला आणि साबणाची वडी स्वतः स्कूटरपर्यंत आणून दिली. म्हणाला, आता वजन उचलू नका. संध्याकाळपर्यंत कॉलनीच्या ग्रुपवर मास्साबांच्या हर्नियासाठी बाबा महाकालला प्रार्थना झाली होती आणि तिच्याखाली छप्पन जणांनी हात जोडले होते.

"अहो, उद्या ऍडमिट मी होणार आणि हात तुमच्यासाठी जोडून राहिलेत," रजनीताई म्हणाल्या.

"अगं, आठ-दहा दिवसांची बात आहे. लोकांना काय सांगू, कशाचं ऑपरेशन? अर्धी कॉलनी शिकलीय माझ्या हाताखाली."

"जे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते सांगा."

"तू समजत नाहीस. घरात तू आराम कर ना मस्त, सगळं मी बघतो. कोणाला काय पता लागतंय?"

रजनीताईंना भुलीची भीती वाटत होती. डोक्याला आणखी ताप नको, म्हणून त्या हो म्हणाल्या. ती त्यांची चूक झाली.

ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. संध्याकाळी त्या डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे भिंत धरून व्हरांड्यात फेऱ्या मारत होत्या, तेवढ्यात माणिक दोन शेजाऱ्यांना घेऊन जिना चढून आला. सरांना आवाज ऐकू आला. त्यांनी चपला काढल्या आणि रजनीताईंच्या कॉटवर चढून हनुवटीपर्यंत चादर ओढली. पाहुणे पाऊण तास बसले. रजनीताई सोबतच्या माणसाच्या स्टुलावर बसल्या, पोटावर उशी धरून.

"भाभीजी, आप बहुत थक गई हो," माणिक जाता जाता म्हणाला. "मरीज़ से ज़्यादा तो सेवा करनेवाला थकता है."

घरी आल्यावर सरांनी शब्द पाळला, तेवढं मात्र कबूल करायला हवं. सकाळी सहाला पडदे लावून ते पाणी भरत, केर काढत, कुकर लावत. घंटी वाजली की झाडू सोफ्याखाली आणि सर दिवाणावर. पण घंटी नऊला वाजायला लागली की रात्री नऊपर्यंत वाजत राही. तेहतीस वर्षांचे विद्यार्थी, त्यांचे आईबाप, महाराष्ट्र समाजाची मंडळी. पाहुणे असेपर्यंत सर आजारी, आणि सर आजारी असेपर्यंत चहा रजनीताईंकडे. तिसऱ्या दिवशी त्यांनी तेहतीस कप चहा केला. सरांना कोणी सफरचंदं आणली, कोणी नारळपाणी. रजनीताईंना सगळ्यांनी धीर दिला.

शेजारचे अण्णा आणि अंबिकावहिनी रोज येत. अण्णा टपाल खात्यातून निवृत्त झालेले आणि हर्नियातले जाणकार, कारण चार वर्षांपूर्वी त्यांचं स्वतःचं ऑपरेशन झालं होतं. कॉलनीला त्यांच्या शब्दावर भरवसा होता.

"खांदा दुखतो का हो, सर? दुखणार. गॅस भरतात ना पोटात," अण्णा म्हणाले. "गरम पाणी प्या, थोडं चाला. दोन दिवसांत साफ."

स्वयंपाकघरात रजनीताईंनी ते ऐकलं. त्यांचाच खांदा दुखत होता. त्या गरम पाणी प्यायल्या आणि जरा हिंडल्या, बरं वाटलं. अंबिकावहिनी त्यांच्या मागोमाग आत आल्या होत्या. त्यांनी रजनीताईंच्या हातातलं दुधाचं पातेलं काढून घेऊन ओट्यावर ठेवलं.

सातव्या दिवशी तपासणीचा रिपोर्ट आला. गाठ साधी होती, घाबरण्यासारखं काही नव्हतं. रजनीताई न्हाणीघरात जाऊन पोटभर रडल्या, कारण बाहेर सरांना बघायला तीन माणसं आली होती.

नवव्या दिवशी दुपारी अण्णा, अंबिकावहिनी आणि माणिक बसलेले असताना चहाला उकळी यायच्या आधीच गॅस गेला. भरलेलं सिलेंडर मागच्या व्हरांड्यात होतं.

"मी आणलं असतं," अण्णा म्हणाले, "पण मला जन्मभर वजन मना आहे. हर्निया परत येतो."

"मेरी कमर में पट्टा है," माणिकने शर्ट वर करून दाखवला.

सरांना तर कोणी विचारायचा प्रश्नच नव्हता. मग सगळ्यांनी रजनीताईंकडे पाहिलं.

"भाभीजी, उठाना नहीं है," माणिक समजुतीने म्हणाला. "टेढ़ा करके लुढ़काते ले आओ. दो मिनट का काम है."

रजनीताई मागे गेल्या. सिलेंडरच्या कड्यावर हात ठेवून त्या उभ्या राहिल्या. टाके ओढत होते. पर्समधल्या शिक्क्याच्या कागदावरचे पाच आठवडे अजून बाकी होते, आणि त्यांतला एकही आपल्याला मिळणार नाही, हे त्यांना तिथे उभ्या उभ्या कळून चुकलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी नुसतं दारातून दिवाणाकडे पाहिलं.

सर उठले. एका हाताने पोटाची बाजू धरायची सवय झाली होती, ती धरलेली होतीच. व्हरांड्यात येऊन त्यांनी बायकोचा हात कड्यावरून काढला, सिलेंडर उचललं आणि खांद्यावर घेतलं.

"अरे, टाके!" अण्णा ओरडले.

"मास्साब, फट जाएगा!" माणिक उभा राहिला.

"काही फाटत नाही," सर म्हणाले. सिलेंडर खांद्यावर, मान वाकडी, चेहरा लालबुंद. "ऑपरेशन हिचं झालंय. अंडाशयं काढलीत. दोन्ही. मला काही झालेलं नाही, मी नऊ दिवस फुकटची सफरचंदं खाऊन राहिलोय. ही आता काही उचलणार नाही. पाच आठवडे."

एवढं बोलून ते स्वयंपाकघरात गेले. सिलेंडर जमिनीवर टेकल्याचा आवाज आला. बैठकीत कोणी कोणाकडे बघेना. अण्णांनी घसा साफ केला.

"ही काय बात झाली?" ते म्हणाले. "बायकोचं ऑपरेशन आणि हर्निया स्वतःचा सांगायचा? एवढी कसली शरम?"

अंबिकावहिनींनी पदर नीट केला. "रजनीताई," त्या शांतपणे म्हणाल्या, "यांचाही हर्निया माझ्याच पोटातून काढला होता."

अण्णा उठले. रेग्युलेटर बसवायला सरांना मदत लागेल, असं काहीतरी पुटपुटत ते आत गेले. रजनीताईंची नजर माणिककडे वळली.

"भाभीजी, माँ कसम," माणिक म्हणाला, "मेरी कमर असली है." आणि दुकान उघडं टाकून आल्याचं आठवून तो निघाला.

"तुम्हाला किती दिवस मिळाले, वहिनी?" रजनीताईंनी विचारलं.

"आरामाचे? चौथ्या दिवशी पापड तळले. यांना बघायला आलेल्यांसाठी." अंबिकावहिनी हसल्या, पण त्यांचे डोळे भरून आले. "मला कोणी विचारलंच नाही हो, दुखतंय का म्हणून."

रजनीताई दिवाणावर बसल्या. सरांची एक उशी त्यांनी पाठीला घेतली, दुसरी अंबिकावहिनींकडे सरकवली.

"दुखत होतं का?"

"खूप."

"बसा. पाय वर घ्या."

आतून भांड्यांचा खडखडाट झाला. पडद्याआडून सरांचं डोकं बाहेर आलं, त्यांच्या मागे अण्णांचं.

"चहा किती जणांचा टाकू?" सरांनी विचारलं.

"दोघींचा," रजनीताई म्हणाल्या.